शाळेसाठी घेतलेली तलावकाठच्या अधिवासाची सेवा: नऊ महिन्यांचा अनुभव

रामटेक तालुक्यातील आमच्या शाळेने गेल्या जुलैपासून यंदाच्या मार्चअखेरपर्यंत नागपूर शहरातील एका छोट्या पर्यावरण संस्थेची सेवा घेतली. गावच्या तलावाभोवती पक्षी, बेडूक, कीटक आणि मासे यांना आसरा मिळेल अशा जागा विद्यार्थ्यांच्या हातून तयार करून घेणे, हे त्या सेवेचे स्वरूप. सातवी-आठवीच्या ४२ विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी ३५० रुपये शुल्क होते आणि त्यात दर शनिवारी सकाळी दोन तास एक मार्गदर्शक, हातजाळ्या, पांढरी ताटे, भिंगे, माहितीकार्डे व रोपे यांचा समावेश होता. विज्ञान शिक्षिका या नात्याने मी जवळजवळ प्रत्येक शनिवारी सोबत होते. काही त्रुटींविषयीही लिहायचे असल्याने संस्थेचे नाव घेत नाही. त्या मी त्यांना लेखी कळवल्या आहेत.

आमचा तलाव मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारांमार्फत सारा वसूल करण्याच्या पद्धतीच्या, काळातला आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तरी पूर्व विदर्भातील अशा हजारो तलावांना माजी मालगुजारी, म्हणून 'मामा तलाव', हे नाव कायमचे चिकटले. एका बाजूला मातीची पाळ म्हणजे बांध, दुसऱ्या बाजूला हळूहळू उथळ होत जाणारा काठ आणि त्या काठावर गेली कित्येक वर्षे माजलेली बेशरमाची झुडपे, अशी त्याची स्थिती होती.

या सेवेतील मला सर्वाधिक भावलेली गोष्ट अशी की पहिले सहा आठवडे संस्थेने एकही रोप लावू दिले नाही. वृक्षारोपण म्हटले की खड्डे, रोपे आणि छायाचित्र या क्रमाची आम्हा शाळांना सवय झालेली आहे. त्यामुळे पालकांकडून विचारणाही झाली. त्या सहा आठवड्यांत मुलांनी फक्त पाहिले आणि लिहिले: टिटवी कोणत्या भागात उतरते, ढोकरी कुठे दबा धरून बसते, म्हशी कुठून पाण्यात जातात, पाऊस थांबल्यावर पाणी किती मागे सरते. नंतर काय कुठे करायचे याचा नकाशा या वहीतूनच तयार झाला. गुरांची वाट तशीच मोकळी ठेवली, खंड्यासाठी पाण्यात बांबू रोवले, सरडे व मुंगसांसाठी वाळलेल्या फांद्यांचा ढीग काठापासून दूर रचला आणि पाणकणीस हे उंच पाणगवत एकाच कोपऱ्यात मर्यादित ठेवले, कारण ते मोकळे सोडले तर सगळा उथळ भाग व्यापून टाकते.

एका शनिवारी मार्गदर्शकाने पाण्यातला गाळ ताटात घेऊन चतुराची अळी मुलांपुढे ठेवली. मळकट, सहा पायांची, काही क्षण अगदी निश्चल. त्याच ताटात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. चतुराच्या अळीने दुमडून ठेवलेला खालचा ओठ इतक्या वेगाने पुढे फेकला की मुलांना फक्त शेवटचा भाग दिसला: डासाची अळी तिच्या तोंडात होती. आठवीतली एक मुलगी त्या ताटावरून उठायलाच तयार होईना. पुढे ऑक्टोबरमध्ये तिनेच पाणकणसाच्या दांड्याला चिकटलेली, पाठीवर उभी चीर पडलेली रिकामी कात शोधून आणली आणि अळीचा चतुर कसा होतो हे इतरांना समजावून सांगितले. असा धडा मला वर्गात शिकवता आला नसता.

डासांच्या भीतीने काही पालकांनी तलावात गप्पी मासे सोडण्याचा आग्रह धरला होता. संस्थेने तो नम्रपणे नाकारला आणि कारणही पटवून दिले: बाहेरून आणलेला मासा स्थानिक लहान माशांच्या अन्नावर आणि जागेवर अतिक्रमण करतो, शिवाय डासांच्या अळ्या खाणारे जीव या तलावात आधीच आहेत. डेंग्यूचा डास तर मुख्यतः घराजवळच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. नागपूरकडे तो शोधायचा तर आधी कूलरची टाकी पाहावी. त्या आठवड्यात मुलांनी घरोघरचे कूलर रिकामे करायला लावले, हे त्या चर्चेचे अनपेक्षित फळ.

आता त्रुटींकडे वळते. मूळ आराखड्यात पाळीवर अर्जुन आणि जांभळाची रांग दाखवली होती. गावातील एक ढिवर आजोबा, ज्यांचे सारे आयुष्य या तलावावर मासेमारी करण्यात गेले, ते पाहताच म्हणाले, "पोट्टेहो, पाळीवर मोठं झाड नोका लावू. मुळ्या सडल्या का तिथूनच पाणी झिरपते." मातीच्या बांधाबाबत हे शंभर टक्के खरे आहे आणि अधिवासाचे काम करणाऱ्या संस्थेला ते आधी ठाऊक असायला हवे होते. त्यांनी चूक लगेच मान्य करून झाडे उथळ काठामागच्या उंच जागेवर हलवली आणि पुढच्या दोन शनिवारी त्या आजोबांनाच मार्गदर्शक म्हणून बोलावले, हे मात्र त्यांच्या मोठेपणाचे लक्षण आहे.

माहितीकार्डे निराशाजनक होती. छपाई उत्तम, चित्रे सुंदर, परंतु निम्मी कार्डे सह्याद्रीतील जिवांची. आमच्या तलावावर रोज दिसणारी टिबुकली आणि लांब बोटांनी पानांवरून चालणारा कमळपक्षी त्यात नव्हतेच. विदर्भातील शाळेला विदर्भाची कार्डे मिळायला हवीत. बेशरम काढण्याच्या कामातही नियोजन तोकडे पडले. या झुडपाच्या तोडलेल्या फांदीला ओल मिळाली की पुन्हा मुळे फुटतात, तरीही पहिल्या दिवशी तोडलेल्या फांद्या काठावरच टाकल्या गेल्या आणि महिन्याभरात तिथे नवे फुटवे दिसू लागले. दुसऱ्या वेळी त्या दूर उन्हात नेऊन वाळवल्या.

अंतिम अहवालाविषयी माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुलैच्या तुलनेत जानेवारीत पक्ष्यांच्या जाती वाढल्या, असा आलेख त्यात आहे आणि ती वाढ उपक्रमाच्या खात्यावर मांडली आहे. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक असे स्थलांतरित पक्षी आपल्याकडे येतातच. म्हणून तुलना करायची तर या जानेवारीची पुढच्या जानेवारीशी करावी लागेल. मुलांना काटेकोर नोंदी ठेवायला शिकवणाऱ्या संस्थेने स्वतः असा निष्कर्ष काढू नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र सगळ्यात मोठी उणीव वेळापत्रकात आहे. सेवा मार्चमध्ये संपते आणि विदर्भातल्या तलावाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पाणी पाळीच्या पायथ्याशी गोळा होते, शाळेला सुट्टी असते आणि ती उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे संपते. या काळात रोपांना पाणी कोण घालणार, याचे उत्तर करारात कुठेच नव्हते. शेवटी गावातच राहणाऱ्या मुलांनी पाळ्या लावल्या. प्रत्येक रोपाशेजारी बुडाला छिद्र पाडलेले मडके पुरले आणि दर तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी ते भरले. तरीही काही जांभळे गेली. उंबर मात्र बहुतेक तगले.

सुरक्षिततेबाबत तक्रारीला जागा नाही. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कोणालाही जाऊ दिले नाही आणि काठावर दोर व दोन प्रौढ व्यक्ती कायम असत. शुल्कही मिळालेल्या कामाच्या मानाने वाजवी आहे.

जवळ तलाव किंवा बोडी (लहान तळे) असलेल्या आणि निदान एक शिक्षक वर्षभर लक्ष घालू शकेल अशा शाळांनी ही सेवा जरूर घ्यावी. केवळ पर्यावरण दिनापुरता कार्यक्रम हवा असेल तर घेऊ नये. आम्ही ती पुन्हा घेत आहोत. नव्या करारासाठी दोन अटी घातल्या आहेत: सेवा जुलै ते पुढील जून अशी पूर्ण वर्षाची असावी आणि माहितीकार्डे आमच्या मुलांच्या वह्यांवरून नव्याने तयार व्हावीत. दुसरी अट त्यांनी आनंदाने मान्य केली. उन्हाळ्यातील तीन महिन्यांच्या शुल्काविषयी बोलणे सुरू आहे.