ड्रिल वाचलं, डायग्नोडेंट पेनमुळे
लेकीच्या दाढेवर काळी रेघ दिसली म्हणून टेन्शनमध्येच गेलो, आधीच्या ठिकाणी तर बघताक्षणी ड्रिल करू म्हणाले होते. इथे डेंटिस्ट मॅडमनी डायग्नोडेंट पेन, म्हणजे कीड तपासायचं पेनासारखं उपकरण, लावला, त्यातून ६५५ नॅनोमीटरचा लाल लेझर दाढेवर पडतो, किडलेला भाग जास्त चमकतो आणि स्क्रीनवर ० ते ९९ मधला आकडा येतो, दुखत नाही, एक्स-रेसारखं रेडिएशन पण नाही, पोरगी आकडेच बघत बसली. ९ आला, म्हणजे ड्रिलची गरज नाही! आणि त्याआधी दाढ नीट साफ करून घेतली, कारण नुसत्या डागाने पण आकडा वाढतो, हे मला फार आवडलं. दोन दातांच्या मधल्या किडीसाठी मात्र सहसा एक्स-रे काढतात. फ्लोराइड लावून सहा महिन्यांनी परत बोलावलंय.