फणसाच्या बियांचं पाकीट: एक तारा, तोही शब्दासाठी

कापा फणसाच्या बिया, 10 नग, 299 रुपये, कुरिअरचे 60 वेगळे. जानेवारीत ऑनलाइन मागवल्या. मुळशीकडे आमची जेमतेम अकरा गुंठे जागा आहे, तिच्या बांधावर लावायच्या होत्या. माझं माहेर पुण्याचं, त्यामुळे ऐन जानेवारीत फणसाची ताजी बी येणार कुठून, हा प्रश्न मला पडलाच नाही. सासर राजापूरचं आहे, एक फोन केला असता तरी कळलं असतं. पण लग्नाला तीस वर्षं झाल्यावर असलं काही विचारायची लाज वाटते.

पाकीट बघून मात्र समाधान वाटलं होतं. जाड, चंदेरी, झिपचं, वर गऱ्यांचा चकचकीत फोटो, आत सिलिका जेलची पुडी. बिया हलवल्या की खुळखुळ्यासारख्या वाजायच्या. मी म्हटलं, वा, किती कोरड्या ठेवल्यात! पॅकिंगची तारीख कुठेच नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

रात्रभर भिजवून दहाही बिया कोकोपीटमध्ये लावल्या. चाळीस दिवस वाट पाहिली. मग एक उकरून सुरीने कापली तर आत तपकिरी भुगा. बाकीच्या नऊ तशाच. फोटो काढून तक्रार पाठवली. तिसऱ्या दिवशी इंग्रजीत उत्तर आलं: फणसाच्या बिया मुळात 'रिकॅल्सिट्रंट' असतात, उगवणीची हमी देता येत नाही, पैसे परत मिळणार नाहीत.

डिक्शनरी काढली. रिकॅल्सिट्रंट म्हणजे हट्टाने आज्ञा मोडणारा, वठणीवर न येणारा. म्हणजे माल यांचा, पैसे माझे आणि उद्धट ठरलं बी! राग आला होता, तरी हसू फुटलं. मग त्या शब्दाच्याच मागे लागले.

लॅटिनमध्ये 'काल्क्स' म्हणजे टाच. त्यावरून 'रिकॅल्सिट्रारे', म्हणजे मागच्या मागे टाचा झाडणं, लाथ मारणं. मूळ मामला घोड्या-खेचरांचा. टाचेच्या हाडाला डॉक्टर कॅल्केनियस म्हणतात, तेही याच घराण्यातलं. दोन वर्षांपूर्वी टाच दुखत होती तेव्हा माझ्या एक्स-रेच्या रिपोर्टवर हा शब्द होता, तेव्हा नुसता वाचून सोडून दिला. लॅटिन बायबलमध्येही हे क्रियापद आहे. जुन्या करारात 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे, त्याच्या 32व्या अध्यायात लाडकं लेकरू खाऊनपिऊन लठ्ठ होतं आणि लाथा झाडतं. आपल्याकडे याला एका शब्दात माजणं म्हणतात. इंग्रजीत क्रियापद सतराव्या शतकात आलं, पण विशेषण बरंच उशिरा, फ्रेंचकडून. मेरियम-वेबस्टर या डिक्शनरीच्या म्हणण्यानुसार माणसाला रिकॅल्सिट्रंट म्हटल्याचा पहिला सापडलेला दाखला 1843चा, इंग्रज कादंबरीकार थॅकरेच्या लेखनातला.

मराठीत याला काय म्हणायचं? पहिल्यांदा 'अडेलतट्टू' आठवला. जनावर तेच, पण खोड वेगळी. आपलं तट्टू चारी पाय रोवून उभं राहतं, हलत नाही, बस. लॅटिनवालं उलटून मारतं. 'आडमुठा' फार भोळा, 'मुजोर'ला तोंड जास्त. सगळ्यात जवळ गोठ्यातला 'लाथाळ' जातो, पण तो सरकारी पत्रात कोण लिहिणार?

आता बियांकडे. हा शब्द बियांना चिकटवला तो रॉबर्ट्स नावाच्या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने, 1973 साली. त्याने बियांचे दोन गट केले. भात, गहू, कडधान्यं वाळवली की टिकतात, अगदी पाच टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून उणे 18 अंशांवर ठेवली तरी वर्षानुवर्षं जगतात. ती 'ऑर्थोडॉक्स', म्हणजे सरळमार्गी. आणि वाळवलं की मरतात त्या रिकॅल्सिट्रंट. यादी वाचली तर अर्धं कोकणच त्यात: आंबा, फणस, जांभूळ, कोकम, नारळ. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये 2008 साली बियांची जी मोठी बर्फाळ तिजोरी उघडली, तिथे यांच्यापैकी कुणाच्याच बियांना जागा नाही.

म्हणजे वाळवून, फॉइलमध्ये बंद करून, वर सिलिका जेलची पुडी टाकून या लोकांनी उरलासुरला ओलावाही शोषून घेतला होता. ज्या शब्दाआड ते लपले, त्या शब्दाचा अर्थच मुळी 'आम्हाला वाळवू नका' असा! कंपनीत कुणीतरी तो वाचलेला आहे, फक्त पॅकिंग करणाऱ्याला सांगितलेला नाही.

शेवटी सासूबाईंना फोन केलाच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, सुकी आठळी भाजीला, ओली आठळी जमिनीला. दुकानदाराला नाही ठाऊक, पण तुला तरी?" सासूबाई पावसाळ्यासाठी आठळ्या लाल मातीत घोळवून ठेवतात, हे मी इतकी वर्षं बघत आले होते. ती फक्त साठवण वाटायची.

हेही सांगून ठेवते की कापा फणसाची बी लावली म्हणजे झाड कापाच निघेल असं नाही, बरकाही निघू शकतो. नक्की कापाच हवा असेल तर कलम घ्या. पाकिटावर याबद्दल अवाक्षर नाही.

तर पाचपैकी एक तारा. पाकिटाची झिप चांगली आहे, त्यात आता मी लवंगा ठेवते. जूनमध्ये राजापूरहून एसटीच्या पार्सलने जुन्या साडीच्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या सात आठळ्या आल्या. त्यातल्या दोघींनी वाटेतच मूळ बाहेर काढलं होतं.