सॉल्व्हंट मिश्रणांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात मी सॉल्व्हंट (विद्रावक) रिकव्हरीचा विभाग सांभाळतो. रिअॅक्टरमधून निघालेल्या मदर लिकरमधून, म्हणजे घन उत्पादन गाळून काढल्यावर उरलेल्या द्रावणातून, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मिथेनॉल, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान), टोल्युइन, इथाइल अॅसिटेट असे द्रव डिस्टिलेशनने (ऊर्ध्वपातनाने) वेगळे करायचे आणि पुन्हा वापरण्याजोगे करून साठ्यात परत पाठवायचे, हे आमचे काम. या कामाला लागणारे मिश्रणांचे गुणधर्म, म्हणजे उत्कलनबिंदू, बाष्प आणि द्रव यांचा समतोल, घनता, स्निग्धता वगैरे, एका जागी ठेवण्यासाठी कंपनीने गेल्या वर्षी एक खास सॉफ्टवेअर वर्षभराच्या परवान्यावर घेतले. त्याला आता नऊ महिने झाले. विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण या प्रकारची दोन-तीन सॉफ्टवेअर मी पाहिली आहेत आणि पुढे लिहिलेले बरेचसे त्या सर्वांनाच लागू पडेल.

प्रथम हे स्पष्ट करायला हवे की हे सॉफ्टवेअर कॉलमचे, म्हणजे डिस्टिलेशनच्या उभ्या मनोऱ्याचे, गणित करत नाही. ते काम सिम्युलेटरचे, म्हणजे प्रक्रियेचे गणित संगणकावर मांडणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामचे. सिम्युलेटरला जे आकडे पुरवायचे, ते कुठून आले, कोणत्या परिस्थितीत मोजले गेले आणि कितपत विश्वासाचे आहेत, याची वही म्हणजे हे सॉफ्टवेअर. ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांना वाटते की अशी वही एक्सेलमध्येही ठेवता येते. आम्हीही सहा वर्षे तशीच ठेवली होती.

शुद्ध पदार्थाच्या बाबतीत एक्सेल खरोखर पुरते. पाण्याला एक ओळ, मिथेनॉलला एक ओळ, आणि काम झाले. मिश्रणाचा गुणधर्म मात्र घटकांच्या गुणधर्मांची बेरीज करून मिळत नाही. ५० मिलिलिटर इथेनॉलमध्ये ५० मिलिलिटर पाणी ओतले तर १०० नव्हे, सुमारे ९६ मिलिलिटर द्रव मिळतो, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत आपण सर्वांनी पाहिलेले असते. त्याच कारणाने बाष्प आणि द्रव यांचा समतोलही राऊल्टच्या नियमापासून (आदर्श मिश्रणात प्रत्येक घटकाचा बाष्पदाब त्याच्या मोल प्रमाणात असतो, हा नियम) ढळतो, आणि तो किती ढळतो हे प्रत्येक जोडीसाठी वेगळे मोजावे लागते. आमच्याकडे १२ सॉल्व्हंट आहेत, म्हणजे ६६ जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीला, हे ढळणे मांडणाऱ्या एनआरटीएल या १९६८ च्या समीकरणाचे किमान तीन स्थिरांक लागतात, आणि त्या प्रत्येकाला एकक, तापमानाची मर्यादा, दाब आणि मूळ स्रोत अशी चार शेपटे असतात. एक्सेलमध्ये आकडे राहतात आणि शेपटे गळून पडतात. आमची मुख्य अडचण हीच होती, आणि हे सॉफ्टवेअर घेऊन मिळालेला मुख्य लाभही तिच्याशीच निगडित आहे.

पहिल्याच महिन्यात घडलेली गोष्ट सांगतो. जुन्या फाइलमधील आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचे एनआरटीएल स्थिरांक मी नव्या प्रणालीत भरत होतो. एकक निवडल्याशिवाय ती नोंद पुढे सरकू देत नाही. फाइलमध्ये एककाचा उल्लेख नव्हता, म्हणून सिम्युलेटरमध्ये जसे भरले जात होते तसेच मी केल्व्हिन निवडले. प्रणालीने लगेच आलेख काढला, आणि त्या आलेखानुसार हे मिश्रण दोन थरांत फुटत होते! आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात कोणत्याही प्रमाणात पूर्ण मिसळते, हे आमच्या शिफ्टमधल्या नवख्या मुलालाही ठाऊक आहे. दोन दिवस शोधल्यावर उलगडा झाला. ते स्थिरांक एका जुन्या छापील तक्त्यातून घेतलेले होते आणि मुळात कॅलरी प्रति मोल या एककात होते, म्हणजे केल्व्हिनमध्ये आणण्यासाठी १.९८७ ने भागायला हवे होते. ते भागल्यावर वक्र जागेवर आला आणि अॅझिओट्रोपही (ज्या प्रमाणावर बाष्प आणि द्रव यांची संरचना सारखीच होते आणि साध्या डिस्टिलेशनने घटक वेगळे होत नाहीत, तो बिंदू) जिथे असायला हवा तिथे, म्हणजे सुमारे ८०.४ अंश सेल्सिअसला आणि वजनाने सुमारे ८८ टक्के अल्कोहोलवर, दिसू लागला. कॉलम प्रत्यक्षात अनुभवावर चालवला जात असल्याने मालाचे नुकसान झाले नव्हते, परंतु त्या चुकीच्या आकड्यांवर आधारलेली आमची कागदावरची सर्व गणिते मला नव्याने करावी लागली. एकक विचारून अडवणारा तो एक रकाना नसता, तर ती चूक आणखी कित्येक वर्षे तशीच पुढे गेली असती.

येथेच दुसरी एक बाब. प्रयोगशाळेतून जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफीचा) अहवाल वजनाच्या टक्केवारीत येतो, तर सिम्युलेटर मोल अंशात, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या प्रमाणात, बोलतो. वरचे ८८ टक्के मोल अंशात सुमारे ०.६९ होतात. दोन्ही आकडे बरोबर, पण शेजारी शेजारी लिहिले तर वाचणारा गोंधळतो. प्रणाली मूळ नोंद ज्या रूपात आली त्याच रूपात जपते आणि रूपांतर दाखवण्यापुरते करते. हा निर्णय ज्याने घेतला त्याने कधीतरी कारखान्यात काम केले असावे असे मला वाटते. पदार्थाची ओळखही नावावर न ठेवता सीएएस क्रमांकावर, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेल्या आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांकावर, ठेवलेली आहे. आमच्या फाइलमध्ये काही ठिकाणी नुसते ‘प्रोपॅनॉल’ असे लिहिलेले होते. ६७-६३-० म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ७१-२३-८ म्हणजे नॉर्मल प्रोपॅनॉल. दोघांचे रेणुसूत्र एकच, परंतु दुसऱ्याचा पाण्याशी होणारा अॅझिओट्रोप सुमारे ८८ अंशांवर आणि वजनाने सुमारे ७२ टक्क्यांवर असतो. त्या संदिग्ध नोंदींपैकी दोन मी कोणाच्या आहेत हे ठरवू शकलो नाही, म्हणून त्या काढून टाकल्या.

दाबाच्या रकान्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. आमच्या काही जुन्या मोजण्या कंपनीच्या पुण्यातील प्रयोगशाळेत झालेल्या होत्या आणि त्यांच्यापुढे ‘वातावरणीय दाब’ एवढेच लिहिलेले होते. नवी प्रणाली हे शब्द स्वीकारत नाही, तिला आकडा हवा असतो. सुरुवातीला मला याचा राग आला होता. नंतर लक्षात आले की पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब ७६० ऐवजी सुमारे ७१० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. पाणीही तेथे सुमारे ९८ अंशांनाच उकळते. गोव्यात आम्ही समुद्राजवळ असल्याने पुस्तकातले ७६० मिलिमीटरचे आकडे जवळपास जसेच्या तसे लागू पडतात, पण पुण्याचे आकडे इकडे आणताना दुरुस्ती करावीच लागते. टीएचएफ आणि पाणी यांच्या जोडीत तर दाबाला फार महत्त्व आहे. सामान्य दाबाला त्यांचा अॅझिओट्रोप सुमारे ६४ अंशांवर असतो आणि त्यात पाच ते सहा टक्के पाणी असते. दाब वाढवला की त्यातील पाण्याचा वाटा वाढतो, आणि याच गुणाचा उपयोग करून दोन वेगळ्या दाबांच्या कॉलममधून टीएचएफ कोरडे करता येते. अशा पद्धतीची आखणी करायची असेल तर दाब न लिहिलेली नोंद निरुपयोगी ठरते.

तापमानाचेही तसेच. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात माझ्या मामांच्या शेजारी काजूची भट्टी आहे. फेणीचा जोर ते ‘ग्राव’मध्ये मोजतात, आणि त्यासाठी द्रवात काचेचा तरंगमापक सोडतात. एप्रिलमध्ये गेलो होतो तेव्हा भट्टीवाल्या काकांनी मला आपणहून सांगितले, ‘गरम फेणी मापू नये रे, ग्राव जास्त दाखवतो. थंड होऊ दे, मग बघ.’ द्रव तापला की त्याची घनता उतरते आणि तरंगमापक अधिक बुडतो, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. घनतेच्या प्रत्येक नोंदीपुढे तापमान मागणारा रकाना नेमके हेच विचारतो. आमच्या २०१९ पूर्वीच्या घनतेच्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक नोंदींपुढे ते नव्हते.

आता ज्या सुविधेमुळे मी या सॉफ्टवेअरचा खरा चाहता झालो तिच्याकडे येतो. मोजलेल्या बिंदूंचा संच भरला की प्रणाली तो गिब्ज आणि ड्युहेम यांच्या समीकरणाशी सुसंगत आहे की नाही हे तपासते. तापमान, द्रवाची संरचना आणि बाष्पाची संरचना हे तिन्ही मोजलेले असतील तर ते परस्परांपासून पूर्ण स्वतंत्र राहू शकत नाहीत, आणि म्हणून मोजणीतील चूक त्या मोजणीच्या आतूनच ओळखता येते. डिसेंबरमध्ये आम्ही स्वतः टीएचएफ आणि पाणी यांचे ११ बिंदू मोजले. मला त्यांचा अभिमान वाटत होता. परीक्षेत संच नापास झाला, आणि सर्व बिंदू एकाच दिशेला झुकलेले दिसले: बाष्पाच्या नमुन्यात टीएचएफ सातत्याने कमी. प्रयोगशाळेतील आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी कारण शोधले. नमुन्यांच्या कुप्या जीसीची पाळी येईपर्यंत सैल बुचाने टेबलावर राहत होत्या आणि टीएचएफ उडून जात होते. कुप्या घट्ट बंद करून बर्फात ठेवल्या, मोजणी पुन्हा केली, आणि संच उत्तीर्ण झाला. हे संगणकाने सांगितले नसते तर आम्हाला कधीच कळले नसते.

तक्रारीही आहेत, आणि त्यातली एक गंभीर आहे. ज्या जोडीचा मोजलेला डेटा नसेल तिचे स्थिरांक प्रणाली युनिफॅक पद्धतीने अंदाजाने काढते. १९७५ मध्ये मांडलेली ही पद्धत रेणूचे तुकडे पाडून अंदाज बांधते आणि पुष्कळदा कामचलाऊ उत्तर देते. तिला माझा विरोध नाही. परंतु मुख्य तक्त्यात मोजलेला आकडा आणि अंदाजाचा आकडा एकाच रंगात, एकाच अक्षरात दिसतात. स्रोत पाहण्यासाठी प्रत्येक रकान्यावर स्वतंत्रपणे टिचकी मारावी लागते, आणि सिम्युलेटरकडे फाइल पाठवली की तेवढीही खूण उरत नाही. आकड्याची कुळकथा जपण्यासाठीच घेतलेल्या साधनाने शेवटच्या पायरीवर ती पुसून टाकावी, हे मला पटत नाही. मी विक्रेत्याला दोनदा लिहिले आहे. सध्या आम्ही अंदाजाच्या जोड्यांची वेगळी यादी छापून भिंतीवर लावलेली आहे, आणि लेखापरीक्षणाच्या वेळी क्यूएकडून (गुणवत्ता हमी विभागाकडून) ‘हा आकडा कुठून आला’ असा प्रश्न आला की आधी त्या यादीकडे पाहतो.

बाकीच्या त्रुटी किरकोळ आहेत. परवाना तपासण्यासाठी सतत इंटरनेट लागते, आणि जूनच्या पहिल्या पावसात वीज आणि जोडणी दोन्ही गेली तेव्हा अर्धा दिवस नोंदी उघडल्याच नाहीत. क्षारयुक्त मिश्रणांसाठी वेगळे मॉड्यूल विकत घ्यावे लागते. आमच्या मदर लिकरमध्ये क्षार असतातच आणि त्यांच्यामुळे समतोल सरकतो, त्यामुळे स्वच्छ द्विघटक डेटा कितीही नेटका ठेवला तरी पहिल्या डिस्टिलेशनचे गणित अपुरेच राहते. ते मॉड्यूल आमच्या अंदाजपत्रकात बसलेले नाही.

ज्यांच्याकडे तीन-चारच सॉल्व्हंट आहेत त्यांनी एवढा खर्च करू नये असे माझे मत आहे. डीडब्ल्यूसिम हा मोफत सिम्युलेटर, ज्याचा प्रसार मुंबई आयआयटीचा फॉसी हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प करतो, आणि शिस्तीने ठेवलेली एक वही त्यांना पुरेल. मात्र त्या वहीत एकक, दाब, तापमान आणि स्रोत हे चार रकाने पहिल्या दिवसापासून असावेत. दहाच्या वर सॉल्व्हंट असतील आणि नोंदी भरणारी माणसे बदलत राहत असतील, तर खर्च वसूल होतो.

आमच्या ६६ जोड्यांपैकी ३१ जोड्यांना आता स्रोतासह तपासलेला डेटा आहे, ९ जोड्या आम्ही स्वतः मोजल्या आहेत, आणि उरलेल्या २६ भिंतीवरच्या यादीत आहेत. परवान्याच्या नूतनीकरणासाठी मी होकार कळवला आहे, आणि त्या पत्रात एकच अट घातली आहे: जिथे मोजलेला आकडा नाही तिथे रकाना रिकामा दिसला पाहिजे.