जुन्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझा राऊटर सहा वर्षांचा आहे. त्यावर मी आता ओपनडब्ल्यूआरटी चालवते, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी टाकता येणारं मोफत सॉफ्टवेअर. अधूनमधून त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'अपडेट तपासा' हे बटण दाबायचं, 'आपलं फर्मवेअर अद्ययावत आहे' (फर्मवेअर म्हणजे राऊटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) हे उत्तर वाचायचं आणि निश्चिंत व्हायचं, हा माझा जुना शिरस्ता. २०२५ च्या जानेवारीत त्या ओळीखालची तारीख पहिल्यांदा नीट पाहिली. ते 'अद्ययावत' फर्मवेअर साडेतीन वर्षांपूर्वीचं होतं! कंपनीने त्या मॉडेलचा सपोर्ट कधीच बंद केला होता. नवं फर्मवेअर बनवणारंच कोणी उरलं नाही, तर बटणाचं उत्तर कायम तेच येणार. हे कळल्यावर मला मनापासून राग आला, कारण ते वाक्य वाचून मी वर्षानुवर्षं विश्वास ठेवला होता.

वाय-फाय व्यवस्थित चालू असतं, म्हणून आतलं दुखणं दिसत नाही. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) किमान ५४ देशांत सुमारे पाच लाख उपकरणांत शिरकाव केला होता, त्यांत बहुतेक घरगुती आणि छोट्या ऑफिसांतले राऊटर होते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये १२७ घरगुती राऊटर तपासले, तेव्हा ४६ राऊटरना वर्षभरात एकही सुरक्षा अपडेट मिळालेलं नव्हतं. कित्येकांत लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं २.६.३६ किंवा त्याहून जुनं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, होतं. माझ्याही राऊटरमध्ये तेच निघालं, म्हणजे २०१० सालचं.

फेब्रुवारीत ओपनडब्ल्यूआरटीची २४.१० ही आवृत्ती आली. तिच्यात कर्नल ६.६ आहे. माझं मॉडेल त्यांच्या यादीत होतं, म्हणून ती टाकायची ठरवलं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. राऊटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा. मॉडेलच्या नावापुढे बारीक अक्षरांत 'व्ही ३', 'व्ही ४' असं काहीतरी असतं. नाव एकच असलं तरी आतली चिप वेगळी असू शकते, आणि चुकीची फाईल टाकली तर राऊटर बंद पडू शकतो. मी मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून वाचला, मग फाईल उतरवली, तिचा चेकसम (फाईल मूळचीच आहे हे पडताळायचा आकडा) साइटवरच्या चेकसमशी जुळवला, आणि लॅपटॉप वायरने जोडूनच फ्लॅश केलं, म्हणजे नवं फर्मवेअर राऊटरमध्ये चढवलं. चार मिनिटं लाईट लुकलुकत राहिला. मग स्थिर झाला, पण वाय-फायचं नाव काही दिसेना. पोटात गोळाच आला. नंतर लक्षात आलं की ओपनडब्ल्यूआरटीत वाय-फाय सुरुवातीला मुद्दामच बंद असतं. वायरनेच ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ उघडायचा, पासवर्डशिवाय आत जायचं, सगळ्यात आधी पासवर्ड ठेवायचा आणि मग वाय-फाय चालू करायचं. इंटरनेट कंपनीने दिलेलं पीपीपीओईचं (जोडणीच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (कंपनीच्या जाळ्यातल्या आपल्या मार्गिकेचा क्रमांक) आधीच कागदावर उतरवून ठेवा. जुन्या सेटिंगचा बॅकअप इथे चालत नाही. मी व्हीलॅन लिहून घेतला नव्हता, त्यात पाऊण तास गेला.

त्यानंतरचे महिने शांत गेले. एप्रिलमध्ये २४.१०.१, जूनमध्ये २४.१०.२ आणि सप्टेंबरमध्ये २४.१०.३ आली. प्रत्येक वेळी दहा मिनिटांचं काम. सेटिंग जशीच्या तशी राहतात, पण वरून टाकलेली पॅकेजेस (जादा सॉफ्टवेअर) साध्या अपग्रेडमध्ये उडतात, त्यामुळे त्यांची यादी ठेवावी लागते. आपोआप काही होत नाही, महिन्यातून एकदा स्वतः बघावं लागतं. मला हे आवडलं, कारण आता तारीख माझ्या डोळ्यांसमोर असते. डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी, जास्त भक्कम सुरक्षा पद्धत जुन्या फर्मवेअरमध्ये नव्हती, तीही मिळाली.

उणीवा आहेत. पाच गिगाहर्ट्झच्या वाय-फायचा वेग लांबच्या खोलीत आधीपेक्षा कमी मिळतो. मोबाईल ॲप गेलं. पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय करायचं तर फायरवॉलचे झोन (कुठल्या जाळ्यातून कुठे जाता येईल हे ठरवणारे भाग) समजून घ्यावे लागतात, एका टिचकीत होत नाही. घरात कुणालाच सेटिंगमध्ये डोकावायची आवड नसेल, तर हा मार्ग मी सुचवणार नाही.

मे महिन्यात अमेरिकेच्या एफबीआयने सपोर्ट संपलेल्या राऊटरबद्दल इशारा दिला. चोर असे राऊटर ताब्यात घेऊन त्यांची जोडणी इतरांना प्रॉक्सी म्हणून, म्हणजे स्वतःची ओळख लपवायचा आडमार्ग म्हणून, विकतात. म्हणजे उद्योग कुणाचा, आणि आयपी पत्ता आपल्या घरचा. ते वाचून मी बाबांचा राऊटर तपासला. फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा, चार एमबी, रॅम ३२ एमबी. एवढ्या लहान उपकरणांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची शेवटची मालिका १९.०७, आणि तिचीही अपडेट्स २०२२ मध्ये थांबली. "अगं, चालतोय ना व्यवस्थित!" असं बाबा म्हणत होते. त्यांच्या राऊटरमध्येही तेच बटण होतं. मी ते दाबलं, 'अद्ययावत आहे' हे उत्तर त्यांना दाखवलं, आणि मग त्याखालची तारीख वाचायला लावली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि स्वतःच वायर काढली.

नवा घेताना अँटेना किती आणि वेग किती हे आम्ही शेवटी पाहिलं. सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, हे आधी शोधलं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जाहीर करणं उत्पादकांना बंधनकारक आहे, म्हणून काही कंपन्यांच्या साइटवर ती सापडते. ज्या मॉडेलची मुदत कुठेच लिहिलेली नव्हती, ते आम्ही यादीतून काढून टाकलं.