क्रूझवरचा मुलांचा क्लब: कुठल्या वयाला कुठलं जहाज?

निपाणीहून नणंदेचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "वैनी, मे महिन्यात क्रूझवर जायचं म्हणतोय आम्ही. पोरांना तिथं क्लबात सांभाळतात म्हणे. तेवढंच आम्ही दोघं जरा निवांत. तुम्ही जाऊन आलाय, कुठली बोट बरी सांग की." तिला तीन मुलं. थोरला अकरा वर्षांचा, मधली सात, धाकटा पावणेतीन. मी तिला एवढंच विचारलं, "धाकट्याची जन्मतारीख काय गं?"

तारीख आधी विचारायला मी अनुभवानं शिकले. दोन वर्षांपूर्वी आम्ही बेळगावच्या टिळकवाडीतून सिंगापूरला गेलो आणि तिथून चार रात्रींची सफर घेतली. एजंटनं "लहान मुलांची सगळी सोय आहे" असं सांगितलं होतं. पहिल्याच संध्याकाळी दोघा मुलांना घेऊन क्लबच्या दाराशी गेलो. बाहेर चपलांसाठी छोटे कप्पे होते. मुलीनं आपल्या हातानं सँडल काढून एका कप्प्यात जोडीनं ठेवल्या. काउंटरवरच्या बाईंनी यादी बघितली, पासपोर्ट बघितला आणि मान हलवली. तीन वर्षं पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी होते. मोठा आत गेला आणि ही काचेतून त्याच्याकडे बघत राहिली. सँडल परत घालताना एक पट्टा काही केल्या लागेना, कारण ती पाय पुढेच करत नव्हती. पुढचे चार दिवस आम्ही नवराबायको आळीपाळीनं तिच्याजवळ. एकत्र जेवायलासुद्धा बसलो नाही. नियम छापलेला होता, आम्ही कुणी विचारलाच नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तीनच्या आतलं मूल

बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांच्या बाळाला जहाजावर घेतात. महासागर ओलांडणाऱ्या किंवा सलग बरेच दिवस समुद्रातच असणाऱ्या सफरींना ही अट एक वर्षाची होते. पण जहाजावर चढता येणं आणि क्लबात जाता येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फुकटचा क्लब बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण झाल्यावर सुरू होतो आणि वय धरतात ते सफर निघते त्या दिवशीचं. "आता तीनचाच होईल" याला तिथं किंमत नाही.

रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर ६ ते ३६ महिन्यांच्या बाळांसाठी पाळणाघर आहे. तासाचे पैसे पडतात. सगळ्या जहाजांवर ते नाही, म्हणून कंपनीचं नाव ऐकून खूश होऊ नका, जहाजाचं नाव विचारा. डिस्नीच्या जहाजांवरही सहा महिने ते तीन वर्षं असंच पाळणाघर आहे आणि तेही तासावर. दोन्हीकडे जागा मोजक्या असतात, त्यामुळे घरातूनच नाव नोंदवून निघालेलं बरं. नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजांवर तीनच्या आतल्यांसाठी खेळायची जागा आणि कार्यक्रम आहेत, पण आईबापांपैकी कुणीतरी सोबत बसायला हवं. मूल रमतं, तुम्हाला मोकळीक मिळत नाही.

कार्निव्हल मात्र दोन वर्षांपासून क्लबात घेते. पावणेतीनचा धाकटा तिथं सरळ आत गेला असता. पण त्यांची जहाजं मुख्यतः अमेरिकेच्या किनाऱ्यावरून सुटतात. ज्यांचा भाऊ किंवा लेक तिकडे आहे आणि नाहीतरी भेटायला जाणारच आहेत, त्यांनी हे नक्की ध्यानात ठेवावं. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून दोन-तीन विमानं बदलून, केवळ क्लब दोन वर्षांपासून आहे म्हणून, पोराला तिकडे न्यायला मी कुणाला सांगणार नाही.

आणि डायपरचं. रॉयल कॅरिबियन आणि डिस्नी दोघांचीही अट आहे की तीन वर्षांच्या पुढच्या क्लबात येणाऱ्या मुलाला शी-शू सांगता आली पाहिजे. डायपर बांधून पाठवायचं नाही. कार्निव्हल यात सैल आहे, डायपरमधलं मूलही चालतं. आपल्याकडे आजी म्हणतात, "होईल ते आपोआप, पोराला टोकू नका." घरात ते ठीक आहे. पण सफरीला जायचं असेल तर निदान तीन महिने आधी सवय लावायला घ्या. पोहण्याच्या तलावालाही तेच. डायपरातल्या मुलांना, पोहण्याचा खास डायपर घातला असला तरी, मोठ्या तलावात उतरू देत नाहीत. काही जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळी कारंज्यांची जागा असते, तीही आधी विचारून घ्या.

भावंडं एकत्र की वेगळी

इथं खरा विचार करावा लागतो, आणि माहितीपत्रकात हेच कुणी समजावून सांगत नाही. प्रत्येक कंपनी वयाच्या रेघा वेगवेगळ्या ठिकाणी ओढते. नणंदेची तीन मुलं डोळ्यांसमोर ठेवून मी एका वहीत मांडून बघितलं. धाकट्याला तीन पूर्ण झाली असं धरलं.

डिस्नीवर ३ ते १० एकच क्लब. म्हणजे धाकटा आणि मधली एकत्र. थोरला अकराचा म्हणून तो ११ ते १४ च्या क्लबात. १४ ते १७ चा आणखी एक आहे, त्याचं आपल्याला काम नाही.

एमएससी या कंपनीच्या जहाजांवर ३ ते ६, मग ७ ते ११, मग १२ ते १४ आणि १५ ते १७. इथं मधली आणि थोरला एकत्र येतात, धाकटा एकटा पडतो. पण थोरल्याला बारा पूर्ण झाली की तो वरच्या गटात गेला आणि मधलीही एकटी.

रॉयल कॅरिबियनच्या नव्या मांडणीत ३ ते ५ आणि ६ ते १२ असे दोन गट आहेत. तेरा पूर्ण होईपर्यंत थोरला बहिणीबरोबर राहतो. जुन्या मांडणीत मात्र ६ ते ८, ९ ते ११ असे तुकडे होते, त्यात ही दोघं वेगळी होतात. म्हणून इथंही जहाजाचं नाव सांगून "आज या जहाजावर गट कसे आहेत" असं विचारायचं.

नॉर्वेजियनवर ३ ते ५, ६ ते ९, १० ते १२. तिन्ही मुलं तीन खोल्यांत. कार्निव्हलवर २ ते ५, ६ ते ८, ९ ते ११. तिथंही तेच. प्रिन्सेस कंपनीच्या जहाजांवर ३ ते ७, ८ ते १२ आणि १३ ते १७, त्यामुळे सातची मधली धाकट्याबरोबर बसते आणि थोरला वेगळा.

आता यातलं चांगलं कुठलं? ते मुलांवर आहे. नणंदेची मधली लाजाळू आहे. घरात मराठी, गल्लीत अर्धं कानडी, शाळेत इंग्रजी. तिला तिन्ही कळतात, पण अनोळखी माणसासमोर इंग्रजीत तोंड उघडत नाही. क्लबात सगळं इंग्रजीत चालतं. "मला बाथरूमला जायचंय" एवढं सांगायचं धाडस झालं नाही तर पोर दोन तास तसंच बसेल. तिला ओळखीचा एक चेहरा हवाच. मग तो चेहरा कुणाचा? धाकट्याचा असेल तर तीच त्याला सांभाळत बसणार, सुट्टीतसुद्धा ताईपण सुटणार नाही. आमच्या घरांत मुलींच्या वाट्याला हे नकळत येतं आणि मला ते नको वाटतं. थोरल्याचा असेल तर ती त्याच्या आडून खेळायला शिकेल. म्हणून या तिघांसाठी मला रॉयल कॅरिबियनची ६ ते १२ ची मांडणी सगळ्यांत बरी वाटली आणि त्याखालोखाल एमएससी.

तुमची मुलं चार आणि आठ वर्षांची असतील तर माझं उत्तर उलटं आहे. मग डिस्नी, कारण दोघं एकाच क्लबात आणि मोठ्याला अजून सहा-सात महिन्यांनी वाढदिवस आला तरी काही फरक पडत नाही. एकुलतं एक मूल असेल तर रेघा कुठे आहेत यापेक्षा ते गटाच्या कुठल्या टोकाला बसतंय ते बघा. सहाचं मूल ६ ते १२ मध्ये सगळ्यांत लहान, तेच ३ ते ६ मध्ये सगळ्यांत मोठं. भिडस्त मुलाला दुसरं सोपं जातं.

लहानाला वरच्या गटात सहसा बसू देत नाहीत. मोठ्याला खालच्या गटात घेतील का, हे मात्र विचारायला हरकत नाही. विचाराल ते ईमेलवर विचारा आणि उत्तर छापून सोबत ठेवा.

अकरा-बारा वर्षांचा मुलगा

लहानांच्या काळजीत मोठा राहून जातो. त्याला विचाराल तर तो म्हणेल, मला क्लब नकोच. त्याला मोकळं फिरायचं असतं. क्लबातून एकट्यानं बाहेर पडायची परवानगी पालक लेखी देऊ शकतात, आणि तिचंही वय ठरलेलं आहे. डिस्नीवर आठपासून, रॉयल कॅरिबियनवर नऊपासून, नॉर्वेजियनवर दहापासून. परवानगी दिली नाही तर आईबापांनी येऊन सही करूनच मूल न्यायचं. मी माझ्या मुलाला फक्त दिवसा दिली होती, जेवणानंतर नाही. जहाज म्हणजे दहा-पंधरा मजली गाव असतं. आधी दोन वेळा त्याला खोलीपासून क्लबापर्यंत पुढे घालून चालवलं, मगच सोडलं.

रात्रीचंही सांगते. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलवर क्लब रात्री दहापर्यंत फुकट, त्यापुढे तासाचे पैसे. डिस्नीवर मध्यरात्रीपर्यंत वेगळे पैसे नाहीत. उशिराचा कार्यक्रम दोघांनी बघायचा असेल तर हा फरक खर्चात धरा.

सुट्ट्यांचा घोळ

आमच्या सीमाभागात हा एक वेगळाच ताप आहे. कर्नाटकातल्या शाळांना उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते आणि मेअखेरीला संपते. कोल्हापूर-गडहिंग्लजच्या भावंडांची सुट्टी मेमध्ये धरून पार जूनच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरात आमच्याकडे दसऱ्याची मोठी सुट्टी, त्यांच्याकडे दिवाळीची. बेळगावातल्या काही कॉन्व्हेंट शाळा दसरा आखूड करून नाताळाला सुट्टी देतात. मामा-आत्यांसकट जायचं तर सगळ्यांना जमणारा महिना मेच.

त्यामुळे दुबईहून सुटणाऱ्या सफरी बाद होतात. आखातातला हंगाम हिवाळ्याचा, मेमध्ये ती जहाजं युरोपकडे गेलेली असतात. नाताळची सुट्टी मिळणाऱ्यांनी त्या वर्षी दुबईहून एमएससीची सफर आहे का ते जरूर बघावं. मेसाठी सिंगापूर सोयीचं. रॉयल कॅरिबियनची जहाजं तिथून सुटतात, फक्त त्या वर्षी मेमध्ये आहे का ते बघून घ्या. डिस्नीनंही आपल्या 'डिस्नी ॲडव्हेंचर' या जहाजासाठी सिंगापूरच निवडलं आहे, सफरी तीन-चार रात्रींच्या.

मुंबईहून कॉर्डेलिया या कंपनीची सफर हा सगळ्यांत जवळचा पर्याय. त्यांचं 'एम्प्रेस' जहाज १९९० चं, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होतं, २०२१ पासून आपल्या किनाऱ्यावर फिरतंय. विमान नाही, व्हिसा नाही, रात्रीच्या बसनं मुंबई गाठली की झालं. बेळगावहून चोर्ला घाटातून तीन तासांत गोव्याला जाणाऱ्या माणसाला मुंबईहून समुद्रातून गोव्याला जाणं लांबचा वळसा वाटेल, पण मुलांसाठी बोट हाच प्रवास असतो. क्लब आहे आणि आपल्या भाषा कानावर पडतात, ही लाजाळू मुलांसाठी मोठी गोष्ट. वयोगट, डायपरचा नियम आणि क्लबाची वेळ तेवढी बुकिंगआधी लेखी मागून घ्या. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी, मुलं सहाच्या पुढची असतील तर, इथून सुरुवात करावी असं मला वाटतं.

नणंदेच्या धाकट्याचा वाढदिवस १९ मे. एजंटनं तिला १२ मेची सफर दाखवली होती, थोडी स्वस्त. मी म्हटलं, २१ ची बघ. शाळा सुरू व्हायच्या आत परत येता. तिनं हिशेब करून बघितला, फरकाचे पैसे पाळणाघराच्या तासांपेक्षा कमीच निघाले. परवा तिचा परत फोन होता. जहाजावर ६ ते १२ एकच गट आहे का, हे एजंटला ईमेल करून विचारलंय, उत्तराची वाट बघतेय. मागून धाकट्याचा आवाज येत होता, "आई, झाली!" आणि ती फोन तसाच ठेवून पळाली.