तिजोरीची किल्ली कुणाच्या हाती? न्यूयॉर्कचा कंट्रोलर निवडताना

माझ्या भाच्याने नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतली. २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये तो पहिल्यांदा मतदान करेल. परवा त्याचा फोन आला. "मावशी, गव्हर्नर कळला. पण त्याच मतपत्रिकेवर कंट्रोलर म्हणून एक पद आहे, तो कोण गं? आणि त्याला निवडताना बघायचं काय?" फोनवर जे सांगितलं ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. असाच प्रश्न पडलेले आणखीही मराठी मतदार असतील.

आपल्याकडे असं पद नाही, त्यामुळे गोंधळ होतो. महाराष्ट्रात अर्थमंत्री मंत्रिमंडळातला असतो आणि हिशेब तपासणारे महालेखापाल 'कॅग'च्या हाताखालचे, नेमलेले अधिकारी. मुंबई आणि नागपूरला त्यांची कार्यालयं आहेत, पण त्यांच्यासाठी कुणी मत मागायला येत नाही. न्यूयॉर्क राज्यात मात्र दर चार वर्षांनी, गव्हर्नरबरोबरच, लोक कंट्रोलर निवडतात. राज्याची देणी चुकती करणं, सरकारी खात्यांचं आणि गावोगावच्या नगरपालिका-शाळांचं ऑडिट करणं, मोठी कंत्राटं मंजूर होण्याआधी तपासणं ही त्याची कामं. त्याशिवाय राज्य व स्थानिक कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीचा तो एकमेव विश्वस्त असतो. (न्यूयॉर्क शहराचे कर्मचारी आणि राज्यातले शिक्षक यांचे निधी वेगळे आहेत.)

यातल्या 'एकमेव' शब्दावर थांबायला हवं. मार्च २०२५ अखेर हा निधी सुमारे २७३ अब्ज डॉलरचा होता. कॅलिफोर्नियात सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन निधीचा, म्हणजे कॅलपर्सचा, कारभार तेरा जणांचं मंडळ बघतं आणि तिथला कंट्रोलर त्या तेरांपैकी एक. इथे सल्लागार समित्या आहेत, पण शेवटची सही एकाच माणसाची.

ती सही विकली गेली की काय होतं, हे राज्याने अनुभवलं आहे. अ‍ॅलन हेवेसी हे कागदावर या पदासाठी सर्वांत लायक म्हणता येतील असे गृहस्थ. राज्यशास्त्रात डॉक्टरेट, विधानसभेत अनेक वर्षं, मग न्यूयॉर्क शहराचे आठ वर्षं कंट्रोलर. २००२ मध्ये ते राज्याचे कंट्रोलर म्हणून निवडून आले. सरकारी कर्मचाऱ्याला बायकोचा ड्रायव्हर म्हणून राबवल्याचं उघड झालं, तरी २००६ मध्ये पुन्हा जिंकले, आणि त्याच डिसेंबरात गुन्हा कबूल करून पायउतार झाले. पेन्शन निधीचं प्रकरण पुढे आलं: २५ कोटी डॉलरच्या एका गुंतवणुकीला मंजुरी देण्याच्या बदल्यात सुमारे दहा लाख डॉलरचे लाभ घेतल्याचं त्यांनी २०१० मध्ये कबूल केलं आणि ते तुरुंगात गेले. अनुभव, पदवी, ओळखपाळख, सगळं होतं. म्हणूनच मी भाच्याला म्हटलं की नुसता बायोडेटा बघून हे मत देऊ नकोस.

आता खरी तुलना. २०१० ची निवडणूक मी यासाठी निवडली की त्या वर्षी मतदारांपुढे दोन अगदी वेगळ्या वाटांनी आलेली माणसं होती, आणि हाच पेच प्रत्येक वेळी थोड्याफार फरकाने येतो.

टॉम डिनॅपोली लाँग आयलंडचे, डेमोक्रॅटिक पक्षाचे, जन्म १९५४ चा. अठराव्या वर्षी, १९७२ मध्ये, मिनिओलाच्या शाळा मंडळावर निवडून आले. हॉफ्स्ट्रा विद्यापीठात इतिहास शिकले, टेलिफोन कंपनीत नोकरी केली, १९८६ मध्ये राज्याच्या विधानसभेत गेले आणि वीस वर्षं तिथेच होते. मधे २००१ मध्ये नासाऊ काउंटीच्या प्रमुखपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवली आणि टॉम स्वॉझींकडून हरले. हेवेसी गेल्यावर रिकाम्या जागेसाठी गव्हर्नर स्पिट्झर यांना अर्थक्षेत्रातला जाणकार हवा होता. माजी कंट्रोलरांच्या समितीने तीन नावं सुचवली, त्यांत डिनॅपोलींचं नव्हतं. विधिमंडळाने ती यादी बाजूला ठेवली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये १५० विरुद्ध ५६ मतांनी आपल्याच सहकाऱ्याला बसवलं. आमदारांनी आपला माणूस घुसवला असं तेव्हा उघड बोललं गेलं, आणि ते बोलणं चुकीचं नव्हतं.

हॅरी विल्सन उत्तरेकडच्या जॉन्सटाउनचे, जन्म १९७१ चा. ग्रीसहून आलेल्या कामगार कुटुंबातला मुलगा. हार्वर्ड, मग गोल्डमन सॅक्स, ब्लॅकस्टोन अशा वॉल स्ट्रीटवरच्या कंपन्या, आणि एका हेज फंडात, म्हणजे खासगी गुंतवणूक निधीत, भागीदारी. तिशीतच तिथून बाहेर पडले. रिपब्लिकन असूनही २००९ मध्ये ओबामांच्या वाहन उद्योग पथकात जाऊन जनरल मोटर्सच्या फेरउभारणीवर काम केलं. या माणसाला ताळेबंद वाचता येतो, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण तोवर ते कधी कुठल्याही पदावर निवडून आलेले नव्हते.

निकाल डिनॅपोलींच्या बाजूने लागला, साधारण ५१ विरुद्ध ४६ टक्के. त्याच मतपत्रिकेवर त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नरपदाचे उमेदवार अँड्र्यू कुओमो ६० टक्क्यांच्या वर गेले होते. म्हणजे लाखो लोकांनी वर कुओमो आणि खाली विल्सन असं मत दिलं. रिपब्लिकन कंट्रोलर एडवर्ड रीगन १९९३ मध्ये पदावरून गेल्यापासून या राज्यात त्या पक्षाचा कंट्रोलर झालेला नाही, आणि विल्सन तो होण्याच्या बरेच जवळ आले होते. पुढच्या निवडणुका डिनॅपोलींना सोप्या गेल्या: २०१४ मध्ये सुमारे ६० टक्के, २०१८ मध्ये ६७, २०२२ मध्ये ५७. विल्सन २०२२ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत उतरले आणि चौथे आले.

२०१० च्या भांडणाचा खरा मुद्दा होता परताव्याच्या दराचा. पेन्शन निधी वर्षाला किती परतावा मिळेल असं एक गृहीत धरतो, आणि त्यावरून नगरपालिका-शाळांनी निधीत किती भरायचं ते ठरतं. तेव्हा तो आकडा ८ टक्के होता. विल्सन म्हणत होते की हे स्वप्नरंजन आहे, खरं ओझं यामुळे लपतं. डिनॅपोलींनी २०१० मध्येच तो ७.५ वर आणला, २०१५ मध्ये ७, २०१९ मध्ये ६.८ आणि २०२१ मध्ये ५.९. आकड्यांची दिशा बघितली तर विल्सन यांचं निदान बरोबर होतं, हे मान्य करायला हवं.

हे कागदी वाटतं, पण घरात येतं. मी एका शाळा-जिल्ह्याच्या कार्यालयात काम करते. उन्हाळ्यात येणारं पेन्शनचं विवरणपत्र आणि ऑक्टोबरातलं शाळेच्या कराचं बिल मी एकाच निळ्या फायलीत ठेवते. २००८ च्या पडझडीनंतर, मार्च २००९ मध्ये, निधी १०९ अब्जांवर घसरला होता. तो खड्डा भरायचा म्हणून मालकांचा, म्हणजे शाळा-नगरपालिकांचा, सरासरी भरणा २००९-१० मधल्या पगाराच्या सुमारे ७ टक्क्यांवरून २०१३-१४ मध्ये २१ टक्क्यांच्या घरात गेला. माझ्या विवरणपत्रातली कबूल केलेली पेन्शन कमी करता येत नाही, कारण राज्यघटनेनेच तिला संरक्षण दिलं आहे. त्यामुळे निधीत जे कमी पडतं ते त्याच फायलीतल्या दुसऱ्या कागदावर, घरपट्टीत, येऊन बसतं.

मग मी २०१० मध्ये मत कुणाला दिलं? डिनॅपोलींना. कारण एकच होतं. हेवेसींच्या काळात गुंतवणूक कंपन्या आणि निधी यांच्या मधे बसून दलाली खाणारे मध्यस्थ होते. डिनॅपोलींनी २००९ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. आधीच्या माणसाने जिथे भोक पाडलं होतं, नेमकं तिथेच ते बुजवलं. परताव्याच्या आकड्यावर ते हळू चालले, पण पैशाच्या दारात कुणाला उभं करायचं नाही हे त्यांना कळलं होतं. विल्सन यांच्याबद्दल माझा संशय नव्हता. त्यांना या दारात उभं राहिलेलं मी पाहिलेलं नव्हतं, एवढंच.

डिनॅपोलींची बाजू निर्दोष आहे असंही मी भाच्याला सांगणार नाही. करोनाकाळात नर्सिंग होममधल्या सुमारे ४,१०० मृत्यूंची नोंद आरोग्य खात्याने लोकांपुढे आणली नाही, हे त्यांच्या कार्यालयाच्या ऑडिटने दाखवून दिलं. काम महत्त्वाचं होतं. पण अहवाल आला मार्च २०२२ मध्ये, कुओमो गव्हर्नरपदावरून जाऊन सहा महिने उलटल्यावर. ज्यांची माणसं गेली त्यांना तो आधी हवा होता. उलट बाजूने हेही खरं की २०११ मध्ये राज्य विद्यापीठांच्या अनेक कंत्राटांची पूर्वतपासणी कंट्रोलरच्या हातून काढून घेतली गेली होती. ज्याचे अधिकार असे कापता येतात त्याने गव्हर्नरशी किती भांडायचं, हा त्या खुर्चीचा कायमचा प्रश्न आहे.

म्हणून भाच्याला माझा सल्ला असा. तुझं घर स्वतःचं असेल आणि घरपट्टी जड जात असेल, तर उमेदवार परताव्याच्या दराबद्दल काय बोलतो ते ऐक. दर वाढवून भरणा कमी करू असं म्हणणारा माणूस बोजा पुढच्या पिढीवर ढकलतो आहे. विल्सनसारखा बाहेरून आलेला, आकडे स्पष्ट सांगणारा माणूस तुला पटू शकेल, आणि त्यात गैर काही नाही. तू राज्याचा किंवा काउंटीचा कर्मचारी असशील, तर पेन्शन सुरक्षित आहे हे लक्षात ठेवून पुढचं बघ: त्याच्या प्रचाराला पैसा कोण देतं, आणि ते देणारे निधीशी धंदा करतात का. दोन्ही नसशील तर ऑडिट बघ. सत्ता स्वतःच्याच पक्षाची असताना कंट्रोलरने काय काय उकरून काढलं, यावरून माणूस कळतो. वॉल स्ट्रीटचा अनुभव मी सगळ्यांत शेवटी मोजीन. गुंतवणूकतज्ज्ञ पगारावर ठेवता येतात.

मतपत्रिका कागदी असते. एकाच उमेदवाराचं नाव दोन-तीन पक्षांच्या ओळींत दिसेल, घाबरू नकोस, इथे तशी पद्धत आहे आणि ती मतं एकत्र मोजतात. एकच गोल नीट काळा करायचा आणि कागद मशीनमध्ये सरकवायचा.

त्या दिवशी फोनवर जेवढं सांगितलं तेवढं ऐकून त्याने फोन ठेवला. तासाभराने मेसेज आला. त्याच्या गावच्या शाळा-जिल्ह्याचा, कंट्रोलरच्या कार्यालयाने केलेला ऑडिट अहवाल होता, आणि खाली एक ओळ: "मावशी, पान चार वाच. मग बोलू."