तापिएस की चियिदा? पहिलं स्पॅनिश मुद्राचित्र घेताना

एडिशन (ठरावीक संख्येत छापलेल्या प्रती), प्रतीचा क्रमांक, पेन्सिलीतली सही हे ठाऊक असलेला माणूस पहिलं स्पॅनिश मुद्राचित्र (साच्यावरून कागदावर छापलेलं चित्र) शोधू लागला, की बहुधा या दोन नावांशी येऊन थांबतो: बार्सिलोनाचे आंतोनी तापिएस (1923–2012) आणि सान सेबास्तियानचे एदुआर्दो चियिदा (1924–2002). दोघांनीही पॅरिसच्या माग गॅलरीसाठी आणि स्वित्झर्लंडच्या एर्कर प्रेसमध्ये काम केलं आहे. दोघांच्या मुद्राचित्रांची सूची छापलेली आहे. तापिएससाठी गालफेत्ती यांची, चियिदासाठी फान डर कोलेन यांची. त्यामुळे अस्सलपणाची पडताळणी दोन्हीकडे जमते.

पहिल्या नजरेत तापिएसच जिंकतात. त्यांचं कार्बोरंडम पद्धतीचं मुद्राचित्र पाहावं ते तिरक्या उजेडात. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. त्याची भुकटी रेझिनमध्ये कालवून छपाईच्या पत्र्यावर (प्लेटवर) थापतात. वाळली की ती खरखरीत होते आणि भरपूर शाई धरते. ओला, जाड कागद प्रेसखाली तिच्यावर दाबला जातो, म्हणून शाईबरोबर कागदालाही खोलगट-उंच आकार येतो. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. त्याची किंमत मात्र पुढे मोजावी लागते. असं चित्र नळीत गुंडाळून मागवू नये, शाईचे कंगोरे तडकतात. सपाटच मागवावं. साधं माऊंट (चित्राभोवतीची खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट) पुरत नाही. काच चित्रापासून किमान 8–10 मिलिमीटर दूर राहील अशी खोल फ्रेम लागते.

तरीही माझा कौल फिरला तो एका वेगळ्याच कटकटीमुळे. तापिएस कागद मुद्दाम फाडत, दुमडत, त्यावर डाग पाडत, ओरखडे काढत. मग विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोतली घडी त्यांची, की मागच्या मालकाच्या कपाटातली? जाड शाईतलं तेल कागदाच्या पाठीवर पिवळसर उतरतं, तेही कधी निरुपद्रवी असतं, तर कधी त्याच्याआड ओल लपलेली असते. कंडिशन रिपोर्टमध्ये (चित्राच्या स्थितीच्या लेखी नोंदीत) ‘कलाकाराच्या पद्धतीला अनुसरून’ एवढंच लिहिलेलं असलं, तर घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उपाय एकच: त्याच एडिशनच्या दुसऱ्या प्रतीचा फोटो मिळवून दोन्ही शेजारी ठेवायचे. जी खूण दोन्ही प्रतींत त्याच जागी आहे, ती पत्र्यातली किंवा योजलेली. एकाच प्रतीत असेल, तर ती इजा समजून भाव ठरवावा. पण हाताने फाडलेल्या किंवा चिकटवलेल्या भागांत प्रती मुळातच थोड्या वेगळ्या निघतात, आणि तिथे ही कसोटीही लंगडी पडते.

चियिदांच्या एचिंगमध्ये (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांत) ही शंका जवळजवळ उरत नाही. काळे ठोकळे, त्यांच्यामधली अरुंद पांढरी फट, भोवती मोकळा कागद. डाग असला तर तो डागच. अर्थात हा पांढरेपणा निष्ठुरही आहे: माऊंटच्या खिडकीच्या कडेने उमटलेली तपकिरी रेघ, बुरशीचे बारीक ठिपके, उन्हाने पिवळावलेला मधला भाग, सगळं चित्रातच गणलं जातं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे ठिपके लवकर येतात, म्हणून घराच्या बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगालाही टांगू नये आणि फ्रेमच्या पाठीमागे हवा खेळती ठेवावी. शिवाय चित्रं अनेकदा लहान असतात. त्याच पैशात तापिएस बहुधा मोठे मिळतात, आणि मोठी भिंत भरायची असेल तर हा मुद्दा हलका नाही.

विक्रेता ओळखीचा असेल आणि चित्र हातात घेऊन पाहता येत असेल, तर तापिएस जरूर घ्यावेत. तो पृष्ठभाग दुसरीकडे मिळत नाही. पण दुरून, फोटोंच्या भरवशावर पहिली खरेदी करणाऱ्याला मी चियिदाच सुचवेन. पैसे देण्याआधी चार फोटो मागावेत: माऊंटमधून काढलेला पूर्ण कागद, त्याची पाठ, तिरक्या उजेडात दिसणारा प्लेटच्या कडेचा कागदावरचा ठसा, आणि सही-क्रमांकाचा जवळून घेतलेला. माऊंट काढायला विक्रेता तयार नसेल, तर दुसरी प्रत शोधावी. एडिशन 50ची असली, तरी ती कधी ना कधी बाजारात येते.